आधी वरचे दात

“आदी तोंड उघड, मग रड,” असं बजाबाई म्हणायची. मांडीवरच्या तान्ह्याला म्हणायची, आणि गाऱ्हाणं घेऊन आलेल्या बाईलाही तेच.

मंद्रूपमधली निम्मी पोरं तिच्याच हातून जन्मली. पोर सहा-सात महिन्यांचं झालं, लाळ गाळू लागलं, की आई त्याला तिच्या ओसरीवर आणायची. बजाबाई करंगळी मिठाच्या पाण्यात बुडवून हिरडीवरून फिरवायची, कणसात दाणा भरलाय का चाचपावं तशी. आधी खालचे पुढचे दोन, मग वरचे दोन, मग त्यांच्या बाजूचे. वर्ष उलटल्यावर दाढा. पहिली दाढ सुळ्याची जागा मोकळी ठेवून मागे बसते आणि सुळा सावकाश येऊन ती जागा भरतो. हे सगळं तिच्या बोटाला ठाऊक होतं.

पण एखाद्या पोराचे वरचे दात आधी यायचे. असं पोर आमच्याकडे मामाला जड समजतात. मामा दगावेल या भीतीने त्या बाईला माहेर तुटायचं. अशा वेळी बजाबाई वरची पांढरी कड चाचपून सगळ्यांदेखत सरळ खोटं बोलायची. “खालचा हाय गं. जा.” आणि आईच्या कानात पुटपुटायची, “खालचं येईस्तवर कुणाला तोंड बघू दिऊ नगं.” थोड्या दिवसांनी खालचेही उगवायचे. मग आधी कुठले आले, हे कोण सांगणार? कितीतरी मामा तिच्या खोट्यावर निवांत झोपले.

बहात्तरचा दुष्काळ सरत आला होता, तेव्हा तिची लेक विजयमाला अक्कलकोटहून आली. नवरा परागंदा झालेला, सासरच्यांनी बाहेर काढलेलं. कडेवर आठ महिन्यांची वच्छला. बजाबाई भाकरीचा तुकडा ओवाळायला दारात आली, तशी पोरगी हसली. वर दोन दात. खाली नुसती हिरडी.

तुकडा बजाबाईच्या हातातच राहिला. तिचा एकुलता एक लेक रावजी तेव्हा विहिरींवर सुरुंग लावायच्या कामाला जात होता.

“कवा आलं हे?”

“झालं पंदरा दिस. आत तर यिऊ दे, आये.”

“न्हाय. रावजी यायच्या आत जा.”

विजयमालाला आधी थट्टाच वाटली. “अगं, तूच लोकांला खोटं सांगायचीस की! मी कंदील धरून बसायची तुज्याजवळ.”

“ते मामा लोकाचं हुतं. ह्यो माजा हाय.”

“म्हंजे तुलाबी खरं वाटतंय व्हय?”

“वाटत न्हाय. पर मला एकच हाय गं.”

दोन शेर जोंधळे गाठोड्यात बांधून तिने लेकीला सोलापूरच्या गाडीत बसवलं. मी तिचा शेजारी, तेव्हा पारावर बसलो होतो. गाडीची धूळ बसली तरी बजाबाई रस्त्यातच उभी होती.

विजयमाला सोलापुरात विड्या वळू लागली. रावजीला काहीच झालं नाही. सुरुंग उडत राहिले, तो संध्याकाळी जेवायला येत राहिला. पण बहिणीची गोष्ट कानावर आली तेव्हापासून तो आईशी कामापुरतंच बोलायचा. आणि बजाबाईची खोटं बोलायची ताकदच गेली. कुणाचा वरचा दात हाताला लागला की ती तोंड फिरवून म्हणायची, “वरचाच हाय.” मग बायका यायच्या थांबल्या. ओसरीवर कुत्री झोपू लागली.

सहा वर्षांनी ती मला म्हणाली, “मला लेकीकडं न्हे.” रावजीने यायला नकार दिला होता. आम्ही सोलापूरला विजयमालाच्या खोलीवर गेलो. शेजारीण म्हणाली, पोरीच्या दाढेला ठणका लागलाय, तिला घेऊन दवाखान्यात गेलीय.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा डॉक्टर वच्छलाचं तोंड उघडून शिकाऊ पोरांना दाखवत होते. “ही दाढ दुधाची नाही, कायमची आहे. हिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईबाप फसतात, किडली तरी म्हणतात, पडून नवी येईल. हिचा नुसता माथा बाहेर आलाय. मूळ आत अजून दोन-तीन वर्षं वाढेल. आणि हिची कळी धरली ती आईच्या पोटात असतानाच.”

बजाबाई दारातून पुढे सरकली. “डाक्तर, अन् वरचं दात आदी आलं तर?”

“येतात एखाद्याला. काही होत नाही.”

“मामाला?”

शिकाऊ पोरं खो-खो हसली. बजाबाईचा चेहरा मात्र उजळला. ती लेकीकडे वळली. “ऐकलंस का? काय होत न्हाय म्हणत्यात.”

विजयमालाने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. “तुला हे डाक्तरानं सांगाया लागलं व्हय, आये?”

बजाबाई म्हणाली, “घरला चल.”

“रावजी आला तर यिऊ दे. त्याच्यावर माजा राग न्हाय. तू येऊ नगंस.”

“पोरीला हात तरी लावू दे.”

विजयमालाने पोरीला स्वतःच्या पलीकडे घेतलं.

बजाबाई फाटकाकडे निघाली. मागे वळली नाही, मला चल म्हणाली नाही. विजयमाला पाठ करून औषधाच्या खिडकीशी उभी राहिली.

“कोण गं ती?” वच्छलाने विचारलं.

“गावाकडची हाय.”

पोरगी सुजल्या गालावर हात धरून, म्हातारी टांग्यांच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.