परातीतला तवंग

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. घरात दुसरं माणूसच नव्हतं—चुकून तरी कुणाजवळ बोलणार?

मध्य भारत मोडून नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, तेव्हा मी लश्कर शहरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. सोबत शिकवायला वामन. तो आजारी आईला घेऊन तिथल्याच माधवगंज मोहल्ल्यात राहायचा. मी बहुतेक रात्री त्यांच्याकडेच जेवायचो.

वामनला एकच वेड—पाण्यावरचा कापूर. कापूर विरघळतो त्या बाजूला पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, दुसरी बाजू ओढते, आणि तो कण आपला आपण धावत सुटतो. एकटा असला की कसाही भटकतो. पण पुष्कळ असले तर? वामनने दाखवलं—ते एकमेकांना वळवतात, घोळक्याने फिरू लागतात. मी वाहवा केली. मनात मात्र—हे मला का नाही सुचलं?

मग हुकूम आला. दोघांतला एक इथे राहणार, दुसरा रायपूरला. कुणाचं काम कसं चाललंय ते बघून ठरवायला भोपाळचे साहेब येणार होते. त्या सकाळी वामनने काचेची परात घासून घासून धुतली, पाणी भरलं. "जरा लक्ष ठेव रे, आईला औषध देऊन येतो," म्हणाला.

मी डोक्यावरून हात फिरवला—तेव्हा चपचपीत तेल लावायचो—आणि बोट पाण्यात बुडवलं. चुकून? नाही. तेलाचा पातळसा तवंग आला तरी कापूर जागचा हलत नाही, हे मला ठाऊक होतं. वामननेच सांगितलेलं.

साहेबांसमोर त्याने कापूर टाकला. एकही कण हलला नाही. "बस, यही दिखाना था?" साहेब म्हणाले. वामन परातीकडे बघत राहिला. मी खिडकीबाहेर.

परक्या गावी एकटं राहायची मला भीती वाटत होती—एवढंच. पण त्याची आई? ती मला दिसत नव्हती का?

स्टेशनवर तो म्हणाला, "परात मीच नीट धुतली नसेल." मी म्हणालो, "होतं असं." त्याची आई बाकावर शाल गुंडाळून बसली होती. "जेवणाची आबाळ करू नकोस हो," म्हणाली—मला.

रायपूरचा पहिला उन्हाळा तिला सोसला नाही. वामनने पुन्हा कापराला हात लावला नाही. मी इथेच राहिलो, एकटा जेवत.

आता अशा आपोआप चालणाऱ्या कणांवर जगभर काम चालतं. मी वाचतो. वामनचं नाव कुठेही नाही—आणि ते का नाही, हे फक्त मला माहीत आहे.