माझं मुंडण आणि आप्पांचा खुलासा

माणसाने टक्कल लपवायला काय काय करावं, याला मर्यादा असते. ती मला कळली नाही. चहा येतोय तोवर सांगतो, पण मध्येच हसलात तर पुढचं सांगणार नाही.

मी हेवी मेटल वाजवतो हे तुम्हाला माहीत आहेच. गिटार वाजवतो आणि गातो. आई त्याला गाणं म्हणत नाही, ‘पोटातून ओरडणं’ म्हणते. वीस वर्षं झाली या ओरडण्याला. सुट्टीच्या दिवशी पुणे, बेंगळुरू, कधी पार शिलाँग, आणि सोमवारपासून इथे नाशकात कॉलेज रोडला मुलांना गिटार शिकवायची. मुलांच्या आया पहिल्या दिवशी माझे कमरेपर्यंतचे केस बघायच्या, मग छातीपर्यंतची दाढी, मग काळ्या टी-शर्टवरची कवटी, आणि मग पोराचा हात जरा घट्ट धरायच्या.

आमचे आप्पा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मी काय करतो, याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. कुणी विचारलं, “मुलगा काय करतो?” की ते म्हणायचे, “खाजगी.” बस्स, एवढंच. मला ना बक्षीस हवं होतं ना परदेश दौरा. आप्पांनी एकदा तरी कुणाला ‘मुलगा संगीतकार आहे’ असं सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. चाळिशीला आलेल्या माणसाने असली इच्छा धरू नये, पण होती, काय करणार?

तर झालं असं. मागच्या कार्यक्रमाचं कुणीतरी ड्रोनने चित्रीकरण केलं. आमच्या संगीतात डोकं गरागरा फिरवायचं असतं, केसांचा नुसता पंखा झाला पाहिजे. तो व्हिडिओ मी मोठ्या कौतुकाने लावला आणि बघतो तर काय, पंख्याच्या मधोमध पापडाएवढं टक्कल! खाली एकाने लिहिलं होतं, ‘दादांचं डोकं उगवलं.’ त्याला शंभर लोकांचे हसरे चेहरे.

शनिवारी पुढचा कार्यक्रम होता. मी ठरवलं, डोक्याचा गोटा करायचा आणि दाढी तेवढी ठेवायची. मेटलमध्ये टकलू-दाढीवाल्यांना मान असतो. पण हे आमच्या कॉलनीतल्या सलूनमध्ये करण्याची सोय नाही, कारण तिथे वस्तरा कमी आणि तोंड जास्त चालतं. म्हणून सकाळीच गाडी काढली आणि गेलो थेट पंचवटीत, रामकुंडाच्या बाजूला. तिथे मला कोण ओळखतंय? घाटाजवळ एक म्हातारे कारागीर बसले होते, त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “सगळं काढा.”

रामकुंडावर सकाळी सकाळी माणूस ‘सगळं काढा’ कशासाठी म्हणतो, हे नाशिकमध्ये जन्मलेल्या पोराला कळू नये?

त्यांनी माझ्या डोक्यावर अगदी मायेने पाणी मारलं. “थोरले का धाकटे?” म्हणाले.

“एकुलता एक.”

त्यांनी जिभेने च्च केलं. “लय जड हाय बाबा. बस निवांत.”

मला वाटलं, इतके लांब केस कापताना त्यांनाही वाईट वाटतंय. मी डोळे मिटून घेतले. वीस वर्षांचे केस पडताना बघवत नाही हो. वस्तरा डोक्यावरून फिरला, मग एकदम गालावर आला. मी दचकून डोळे उघडले, तर अर्धी दाढी आणि अर्धी मिशी गेलेली. आता उरलेल्या अर्ध्यासाठी काय भांडणार? बस म्हटलं निवांत.

अंगभर केस झाले होते आणि हवा गार. म्हणून तिथेच एक पांढरं उपरणं घेऊन खांद्यावर पांघरलं. कवटी झाकली गेली. दोन पावलं चाललो नाही तोच भालेराव काका समोर आले. हे आप्पांच्या कचेरीतले. आप्पांना हृदयाचा त्रास होऊन आठवड्यापूर्वीच दवाखान्यातून घरी आणलं होतं, ते काकांना माहीत होतं. काकांनी मला बघितलं, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले.

“धीर धर,” म्हणाले. “सगळ्यांना यातून जावंच लागतं.”

काकांचं स्वतःचं डोकं वाटीसारखं गुळगुळीत. मला भरून आलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझं दुःख समजून घेत होतं. मी विचारलं, “काका, तुम्ही कसं सहन केलंत?”

“वर्षभर जड जातं. मग सवय होते. आईला सांभाळ.”

“आई तर कधीची वाट बघत होती,” मी म्हणालो.

काकांनी माझे हात सोडले. अशा प्रसंगी कुणी जास्त विचारत नाही, ही आपल्याकडची रीत. ते पिशवी उचलून निघून गेले. मी तिथून द्वारका चौकाजवळच्या आमच्या सरावाच्या खोलीवर गेलो, फोन बंद केला आणि दोन तास पोटातून ओरडलो.

त्या दोन तासांत घरी काय झालं, ते आईने नंतर सांगितलं. भालेराव काकांनी कचेरीतल्या निवृत्तांच्या ग्रुपवर बातमी टाकली. पांढरे कपडे घालून भालेराव काकांसकट चौघं जण आले. त्यांनी आधी खालच्या मजल्यावरच्या शिंपी काकूंना हळूच विचारलं, “किती वाजता नेणार?” काकू हादरल्या. अशा घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी लगेच पिठलं-भात करायला घेतला. हे चौघं वर आले, बेल वाजवली आणि दार उघडलं आप्पांनीच. त्यांच्यातले जाधव काका तिथेच पायरीवर बसले.

आता ‘तुम्ही गेला होतात ना?’ असं तोंडावर कसं विचारणार? आई पाणी घेऊन आली, म्हणजे तीही धडधाकट. मग गेलं कोण? चौघं कोचावर ओळीने बसून राहिले. आप्पांना वाटलं, तब्येत विचारायला आलेत, आणि त्यांनी औषधांची सगळी यादी वाचून दाखवली. तेवढ्यात काकू डोळे पुसत पिठलं-भात घेऊन आल्या. आप्पांना बघून त्यांनी ताट कसंबसं टेबलावर टेकवलं. आठवडाभर आळणी जेवणाऱ्या आप्पांनी मात्र ताट पुढे ओढलं.

मी दारात आलो तेव्हा आप्पांचा दुसरा घास तोंडाशी होता. चपलांचा ढीग बघून मी घाबरलोच होतो. त्यांनी वर पाहिलं. माझं डोकं पाहिलं, उपरणं पाहिलं, साफ झालेली मिशी पाहिली. घास ताटात ठेवला.

“कोण गेलं रे?”

आवाज अगदी बारीक झाला होता. त्यांना धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आई जवळ येऊन म्हणाली, “अरे, मागे खालच्या बाजूला शेंडीही ठेवलीये!” मी हात लावला तर खरंच होती. कोचावरचे चौघं माझ्याकडे बघत होते आणि मला सगळं एकदम उमगलं.

काहीतरी थाप मारावी असं फार वाटलं, नाही असं नाही. बालाजीला नवस होता म्हणालो असतो तर खपून गेलं असतं. पण आप्पांचा हात छातीकडे गेला होता.

“कुणी गेलं नाही आप्पा,” मी म्हणालो. “मागे टक्कल पडलं होतं. ते दिसू नये म्हणून.”

खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग भालेराव काका आधी हसले, मग जाधव काका, मग आई. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पिठलं-भात संपवला, हात धुतला, चष्मा लावला आणि फोन घेऊन बसले. ग्रुपवर एव्हाना श्रद्धांजल्यांची रांग लागली होती. त्यांनी त्या एकेक वाचल्या. त्यांच्या पदाचं नाव दोघांनी चुकवलं होतं, त्याचा मात्र त्यांना राग आला. मग अर्धा तास एका बोटाने टाईप करून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “शुद्धलेखन बघ.”

‘विषय : माझ्या निधनाच्या वृत्ताबाबत खुलासा. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकार हयात आहे. अधोस्वाक्षरीकाराचे चिरंजीव हे हेवी मेटल या प्रकारातील नामांकित संगीतकार असून, डोक्याच्या मागील बाजूस टक्कल पडल्याच्या कारणास्तव त्यांनी मुंडण केले आहे. सबब कोणीही सांत्वनासाठी येऊ नये.’

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. ‘संगीतकार’ होतं, आणि वर ‘नामांकित’ही होतं. खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांनी आप्पांनी तो शब्द लिहिला होता, तोही सगळ्या कचेरीला कळवण्यासाठी.

नाक पुसून मी म्हणालो, “आप्पा, फार सुंदर लिहिलंय. फक्त ते टकलाचं तेवढं काढता येईल का?”

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कारण नमूद केल्याशिवाय खुलासा ग्राह्य धरत नाहीत,” ते म्हणाले आणि त्यांनी तो पाठवून दिला.