पोटात राहिलेली हवा

मुलांनो,

तुमच्या आईच्या बीजकोशावरची गाठ तीन बारीक छिद्रांतून काढली, दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि तिसऱ्या दिवशी फोनवर मलाच रागावली, की मी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत नाही. हे सगळं चांगलं झालं. पण तुम्ही पुढे लिहिलंत, "आजी, तुमच्या काळी हे नव्हतं ना?" ते मात्र बरोबर नाही. होतं. पोटात घालायची ती दुर्बीण मी पाहिलेली आहे, साखर कारखान्याच्या गोदामात. तिच्यातून काय दिसलं होतं तेही मला माहीत आहे.

तेव्हा मी मुरुमच्या पलीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. इंग्रजी वाचता येणारी गावात मी एकटीच बाई. औषधाची बाटली असो, कोर्टाचा कागद असो, लोक माझ्याकडे येत. माझ्या लोखंडी ट्रंकेत सगळे कागद वर्षावार लावलेले असत. कोणताही कागद मी दोन मिनिटांत काढून देई आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला होता. ऊस उभ्या उभ्या वाळला, कारखाना लवकर बंद झाला आणि गोदाम मोकळं पडलं. मोकळी जागा पाहून तिथे कुटुंबनियोजनाचं शिबिर ठरलं. शिबिराला बाया आणण्याचं काम आम्हा शिक्षकांचं. त्यांना "केस" म्हणत. ठरलेल्या केसेस दिल्या नाहीत तर वेतनवाढ अडकायची. माझी एक केस कमी पडत होती.

रोज सकाळी एक बाई दुधाचं कॅन डोक्यावर घेऊन माझ्या दारावरून दूध सोसायटीत जात असे. वय तिशीच्या आतबाहेर, तीन लेकरं. घरची मेंढरं दुष्काळात विकून झाली होती, एक म्हैस तेवढी उरली होती. मी तिला उंबऱ्यावर थांबवलं.

"टाके किती घालतेत बाई?"

"एकच. दुर्बिणीतून करतात. संध्याकाळी तू घरी."

"आन् म्हशीचं कोण बघंल?"

"दोन दिवस सासू बघेल."

"सासू म्हशीचं बघंल, पर म्हैस सासूला जवळ येऊ देईल का?"

हसत हसत ती तयार झाली. खरं सांगायचं तर ती माझ्यासाठी तयार झाली. मागच्याच वर्षी मी तिच्या थोरलीचं नाव शाळेत घातलं होतं आणि ते तिने लक्षात ठेवलं होतं.

शिबिराच्या दिवशी गोदामात मळीचा आंबूस वास होता. एका बाजूला पडदे लावून टेबल मांडलं होतं, दुसऱ्या बाजूला जमखाने अंथरून बाया ओळीने निजवल्या होत्या. बाहेरगावचे डॉक्टर सकाळपासून उभे होते. एक बाई आत जाई, पोटात हवा भरत, बेंबीखालच्या छिद्रातून नळी घालत, डॉक्टर तिला डोळा लावत, गर्भनळ्यांवर कडी चढवत, की लगेच पुढची. माझी केस बाहेर आली तेव्हा ती पोटाला हात न लावता खांदा चोळत होती.

"बाई, केलं पोटाचं आन् दुखायलाय खांदा! डॉक्टर चुकला का काय?"

नर्सने सांगितलं, की हवा वर चढते म्हणून खांदा दुखतो, एक-दोन दिवसांत जिरते.

"म्हंजे सायकल झाली माझी," ती म्हणाली. "पंक्चर काढलं आन् हवा भरून दिली."

शेजारच्या चार बाया पोट धरून हसल्या आणि हसताना कण्हल्या.

निघताना तिला एक कागद मिळाला, जांभळ्या शिक्क्याचा. तो तिने माझ्या हातात दिला. "तुमच्याकडंच राहू द्या बाई. आमच्याकडं उंदरं खातेत." मी कागद पाहिला. नाव बरोबर होतं, शिक्का होता, सही होती, शस्त्रक्रिया झाल्याचं लिहिलं होतं. मला एवढंच हवं होतं. त्याची नक्कल मी शाळेत दिली आणि मूळ कागद ट्रंकेत त्याच्या जागी ठेवला.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तिचं पोट दिसू लागलं.

तिच्या सासूने निदान केलं: सरकारने भरलेली हवा आतच राहिली. मग ओवा, हिंग, शेक, पोटावर उलटा तांब्या लावणं, सगळं झालं. गल्लीतल्या बाया निराळंच कुजबुजत, की ऑपरेशन फसलं, हिला दिवस गेलेत. मी सासूला हसले. हवा दोन दिवसांत जिरते, वर्षभर राहत नाही, हे मी तिला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं समजावून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मग हाय काय त्ये तुमीच सांगा." मला मनातून गल्लीचंच पटत होतं. माझी केस फसली असेल तर चौकशी होईल, माझी नोंद रद्द होईल, ही माझी काळजी होती. तिला मी तेवढ्यासाठीच विचारलं.

"महिना येतो का?"

"येतो की. उलट लईच जातंय."

"ऑपरेशननंतर काहींना असं होतं," मी म्हणाले. हे वाक्य मी नर्सकडून शिकले होते. ते खोटं आहे की खरं, हे मी कधीच कुणाला विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास ती कॅन घेऊन येईनाशी झाली. दूध सासू आणू लागली. मी घरी गेले. हातपाय काडीसारखे झाले होते आणि पोट तेवढं ताणलेलं. मला पाहून ती उठायला लागली, जमलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले होते, की फसलेल्या ऑपरेशनचा अर्ज करा, सोबत शिबिराचा कागद जोडा. मी ट्रंक उघडली आणि दोन मिनिटांत कागद काढला.

अर्जात उतरवून घेण्यासाठी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला. सहीच्या खाली, घाईच्या इंग्रजी अक्षरात, दोन ओळी होत्या. डाव्या बीजकोशावर गाठ, लिंबाएवढी. जिल्ह्याच्या दवाखान्यात ताबडतोब दाखवावे.

अक्षर घाईचं होतं, पण लागत नव्हतं असं नाही. त्या गर्दीत, पुढची बाई टेबलाशी उभी असताना, त्या डॉक्टरांनी नळीतून पाहिलं, थांबले आणि लिहिलं. पुढे कुणीतरी वाचेल असं ते धरून चालले होते. दीड वर्ष तो कागद अशा घरात होता जिथे तो वाचता येत होता. गावातलं दुसरं कुठलंही घर असतं तर न वाचण्याला निदान कारण तरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी तिला धाराशिवला नेलं. खिडकीशी बसवलं, मांडीवर उशी दिली. कागद माझ्या पर्समधून डोकावत होता. तिला अक्षर येत नव्हतं, पण जांभळा शिक्का तिने ओळखला.

"ह्यो गोदामातलाच कागद न्हवं?"

"हो."

"काय लिवलंय त्येच्यात?"

मी सांगितलं. कमीजास्त न करता सांगितलं, तेवढं तरी केलं. अणदूरचा फाटा आला तेव्हा खंडोबाला तिने बसल्या जागेवरून हात जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उंदरानं खाल्ला असता तर बरं झालं असतं, बाई. कुणाला बोल तरी लागला नसता."

धाराशिवहून सोलापूरला पाठवलं. तिथे बेंबीपासून खालपर्यंत पोट उघडलं आणि पाहून पुन्हा शिवलं. गाठ आता लिंबाएवढी नव्हती आणि एका जागी नव्हती. शुद्धीवर आल्यावर तिने चादर उचलून टाक्यांची रांग पाहिली. "बाई, तुमी एकच टाका म्हणला व्हता," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. तिची थट्टा करायची सवय गेली नव्हती एवढंच.

होळीच्या आधी ती गेली.

गावाने सासूचं म्हणणं मान्य केलं. सरकारने पोटात हवा भरली, ती निघाली नाही, तिनेच जीव घेतला. पुढच्या शिबिराला आमच्या गावातून एकही बाई गेली नाही. ज्यांना दाखवायला हवं होतं त्याही दुर्बिणीच्या नावाने दाराला कडी लावू लागल्या. मुख्याध्यापक वैतागले. "तुम्ही शिकलेल्या आहात. जाऊन बायकांना समजवा, हे हवेचं वेड डोक्यातून काढा."

मी गेले. म्हातारी दाराशी म्हशीचं आंबोण कालवत होती, थोरली नात तिला पाणी घालत होती. शाळा कायमची सुटली होती तिची. मी बसले, चहा प्याले. म्हातारी म्हणाली, "हवाच भवली तिला, बाई." मी मान हलवली. होकाराची हलवली. हवा खरी नसली तर काय खरं होतं ते मला सांगावं लागलं असतं. वर्षभरापूर्वी याच म्हातारीला मी अडाणी म्हणून हसले होते आणि आता तिच्याच अडाणीपणाच्या आडोशाला बसून चहा पीत होते. माझी वेतनवाढ अडकली नाही. केस मोजली गेली होती.

तुमच्या आईचे रिपोर्ट तुम्ही मला पाठवलेत. म्हाताऱ्या आजीला कशाला म्हणून तुमचे बाबा नको म्हणत होते, असं कळलं. मी ते सहीच्या खालून वर वाचत गेले, आता मला तशीच सवय आहे. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

त्या गावात अजूनही ती बाई हवेने गेली असंच सांगतात. मी ते कधी खोडलं नाही. हवा नव्हती, मुलांनो. गाठ होती, ती दिसली होती, लिहिली होती, आणि कागद माझ्या ट्रंकेत होता.

तुमची,
आजी