दातारांचं उघडं फाटक

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळींच्या डोळ्यांत रघुवीर दातार पहिल्यांदा भरले ते त्यांच्या शिट्टीमुळे. शहरालगतच्या ओडबीला त्यांनी घेतलेल्या घराच्या मागच्या बागेत स्विमिंग पूल होता, आणि घर दाखवायला म्हणून उन्हाळ्यात त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मंडळींतल्या सगळ्यांत ज्येष्ठ सुप्रभाताई जोगळेकर भज्यांची ताटली घेऊन ओल्या फरशीवरून लगबगीने निघाल्या, तोच मागून कर्कश शिट्टी वाजली. त्या दचकल्या आणि दोन भजी पाण्यात गेली.

"काठावर पळायचं नाही, सुप्रभाताई."

"अहो, या वयात मी कसली पळतेय!"

"मग भरभर चालायचंही नाही," असं म्हणून यजमान जाळी घेऊन भजी काढायला वाकले.

माणूस असा होता. जन्मभर इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं. रोज सकाळी चहाआधी ते पाणी तपासत. क्लोरीन एका कपाटात आणि आम्ल दुसऱ्या कपाटात, दोन्हींना कुलूप, कारण दोन्ही एकत्र आली तर विषारी वाफ होते. औषध पाण्यात घालायचं, औषधावर पाणी कधीच ओतायचं नाही. तलावाभोवती कुंपण होतं. त्याचं फाटक आपोआप मिटे, आणि कडी मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच. पोहून झालं की बटण दाबून पाण्यावर जाड आच्छादन ओढायचं. लोक गालात हसत, पण आपली मुलं पोहायला पाठवताना त्यांना दातारांइतका भरवसा दुसऱ्या कुणाचा वाटत नसे.

पत्नी मीनाक्षी गेल्यावर घरात आवाज असा उरला तो शनिवारीच. त्या दिवशी मुलगी वैभवी, जावई परीक्षित आणि चार वर्षांची नात सिया येत. सिया आजोबांचं बोट धरून कुंपणाबाहेरून पाण्याकडे बघे आणि विचारी, "पाण्याला आज ताप आहे?" आजोबा गंभीरपणे म्हणत, "नाही. आज बरं आहे त्याला."

दातारांच्या घरच्या शाडूच्या गणपतीचं विसर्जन दरवर्षी प्लास्टिकच्या टबात होई. माती गाळणीत अडकते, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी मात्र सुप्रभाताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "दातार, दारात एवढं तळं असताना बाप्पाला टबात बुडवता? मीनाक्षीला आवडलं असतं का हो हे?"

मीनाक्षीचं नाव निघालं आणि दातारांनी गाळणीचा पंप बंद केला.

ताटं, समया, झांजा घेऊन माणसं आतबाहेर करणार, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने फाटक नाडीने खांबाला बांधून ठेवलं. उथळ बाजूच्या वरच्या पायरीवर, आपल्या कमरेइतक्या पाण्यात बाप्पा बसले. हळूहळू पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ झालं. मंडळी जेवायला आत वळली तसं दातारांनी सवयीने बटण दाबलं. आच्छादन सरकत सरकत मुकुटापाशी आलं.

"अहो, बाप्पाला गुदमरवता की काय!" सुप्रभाताई ओरडल्या. सगळे हसले. दातारही हसले, आणि त्यांनी आच्छादन मागे घेतलं. देवाच्या डोक्यावरून ताडपत्री ओढायची, हे त्यांच्याही हातून झालं नसतं. मूर्ती विरघळली की झाकू, असं म्हणून तेही आत गेले; त्यांच्यामागून आरतीचं ताट घेऊन परीक्षित आला. नाडी त्यांच्या ध्यानातच राहिली नाही.

मोदक वाढताना परीक्षितने विचारलं, "सिया कुठंय?"

बाप्पाची अंघोळ झाली का, ते बघायला ती गेली होती. त्या गढूळ पाण्यात तळ दिसत नव्हता. परकराची पिवळी कड तेवढी दिसली, म्हणून परीक्षितने कपड्यांनिशी उडी घेतली. सिया खोकली, ओकली आणि मग मोठ्याने रडली. ते रडणं ऐकून दातार तिथेच ओल्या फरशीवर बसले.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी सुखरूप आहे, रात्रभर लक्ष ठेवू. परीक्षित ओल्या कपड्यांवर ब्लँकेट पांघरून बसला होता.

"गेट ओपन कसा राहिला?" वैभवीने विचारलं. ती इथेच जन्मलेली, चिडली की तिचं मराठी अडखळे. "हू वॉज लास्ट?"

दातारांनी नाडीबद्दल सांगायला तोंड उघडलं. निघालं ते वेगळंच. "शेवटी आत आला तो परीक्षित. आरतीचं ताट घेऊन."

शब्द न् शब्द खरा होता. परीक्षितने मान खाली घातली. "सॉरी. माझ्या लक्षातच नाही आलं."

दातार त्याच्या ओल्या मोज्यांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी नाडी सोडली. गाठ त्यांचीच होती. तळाशी साचलेली माती काढताना त्यांना वाटे, कुंपणापलीकडून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. सुप्रभाताईंचा फोन आला, "तुमचा काय दोष हो, तुम्ही तर किती काळजी घेता."

मग एकदा वैभवीचा फोन आला. "बाबा, परीक्षित झोपत नाहीये. सारखं तेच, मी गेट बंद केला नाही."

दातार तसेच निघाले. दार परीक्षितनेच उघडलं. त्याच्यामागे वैभवी होती. चपला न काढता, उंबऱ्याबाहेरूनच ते म्हणाले, "फाटक मी बांधलं होतं. नाडीने. सोडायचं मी विसरलो. तू आलास तेव्हा ते मिटणारच नव्हतं."

वैभवीने विचारलं, "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं? हॉस्पिटलमध्ये?"

"हो."

"विसरलात, ते मी समजू शकते, बाबा. मीसुद्धा विसरते. पण तो तिथे ओला बसला होता, आणि तुम्ही त्याच्यावर…"

"अगं, त्यांना आत तरी येऊ दे," परीक्षित म्हणाला. तेच दातारांना सगळ्यांत जड गेलं. ते आत गेले नाहीत.

त्यानंतरचे शनिवार कुणी न येताच गेले. चूक कुणाचीही होते, असं लोक म्हणत, आणि ते ऐकताना दातारांची नजर खाली जाई; कारण लोक एकाच चुकीबद्दल बोलत होते. शेवटी त्यांनी सुप्रभाताईंना दुसरीही सांगितली. ताई म्हणाल्या, "मीनाक्षीचं नाव मी काढायला नको होतं."

"नाव तुम्ही काढलंत. गाठ माझी होती, आणि इस्पितळातलं बोलणंही माझंच."

थंडी सरता सरता परीक्षित एकटाच आला. हातात कुलपाची पिशवी. "बाबा, स्क्रूड्रायव्हर आहे ना तुमच्याकडे? सिया मला सारखी विचारते, पाण्याला ताप आहे का. मी काय सांगू तिला?"

दातारांनी स्क्रूड्रायव्हर आणून दिला आणि कुलूप बसेपर्यंत फाटक धरून उभे राहिले.

हल्ली सिया शनिवारी येते. पाणी अजून दातारच तपासतात. पण त्यासाठी परीक्षित येईपर्यंत थांबतात, कारण फाटकाची किल्ली त्याच्याकडे असते.