कमानीतला शेंदरी दगड

गावाबाहेरच्या गढीची कमान वीज पडून ढासळली, असं आमच्याकडे सगळे सांगत. बारा वर्षं मीही मान हलवत आलो. ती वीज म्हणजे मी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गढीच्या मावळतीच्या अंगाला आमचा भाजीचा मळा. विहिरीवर मोटर बसवायची होती, तिच्या बुडाला जड दगड हवा होता. गढीतून दगड आणण्यात कुणाला काही वाटत नसे. अर्ध्या गावाचे उंबरे तिथले. पण मला पडलेला दगड नको होता. कमानीच्या ऐन माथ्यावरचा, कमळ कोरलेला, तोच डोळ्यात भरला. भर दुपारी पहार लावली. तो निघाला, आणि मी उडी मारतो न मारतो तोच कमानीची डावी बाजू खाली आली. संध्याकाळी वादळ झालं. गावाला कारण मिळालं.

आठवड्याभरात तहसीलचा गिर्दावर, तलाठ्यांवरचा अधिकारी, पंचनाम्याला आला. गढी पाहून तो मळ्याकडे वळला, तसा मी घराकडे पळालो. घरात मारुतीसाठी आणलेला शेंदूर होता. तेलात कालवला नि विहिरीजवळ आणून ठेवलेल्या दगडाला फासला. गिर्दावरानं जोडे काढले, हात जोडले, "अच्छी जगह है" म्हणाला आणि गेला.

सुटलो, असं वाटलं. पण शनिवारी बायकोनं तिथं दिवा लावला. शेजारच्या म्हातारीची हरवलेली म्हैस सापडली, तिनं नारळ फोडला. मग लोक येतच राहिले. मोटर मला दुसरीकडे बसवावी लागली.

नव्वदीत सरकारनं गढी दुरुस्त करून पर्यटक केंद्र करायचं ठरवलं. पहारेकऱ्यांच्या देवड्यांत तिकिटाची खिडकी, नकाशांची खोली, थंड पाणी. निर्मलहून एक म्हातारा पाथरवट आला. त्यानं गवतातले दगड वेचले, त्यांवर चुन्यानं आकडे घातले आणि कमानीची पडलेली बाजू जमिनीवर मांडली. माथ्याची एकच जागा रिकामी. नवा दगड घडवायला मंजुरी नव्हती. कामावरचे सरकारी साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत तो मिळाला नाही तर उरलेली कमानही पाडू, सिमेंटचं दार करू.

रविवारी सकाळी मी बायकोला मळ्यात बसवून सगळं सांगितलं.

"म्हंजे बारा वर्सं मी चोरीच्या मालाले दिवा लावून राह्यली?"

"हो."

"अन् तुमी पाहून राह्यले!"

कुंपणापलीकडून म्हातारी ओरडली, "अन् माहे नारळ? वापस दे, लबाडा!"

"देतो, मावशी."

"राहू दे. म्हैस तं सापडली होती."

दुपारी मारुतीच्या पारावर तेच सगळ्यांसमोर बोललो. शिव्या पडल्या, त्या पडायलाच हव्या होत्या. देव हलवायचा कसा, यावर मात्र वाद पेटला. शेवटी म्हातारीच म्हणाली, "देव असन तं कमानीवर बसू द्या. त्याच्या मळ्यात काऊन वांगी राखन?"

शेंदराचा थर बोटभर झाला होता. तसा दगड जागेत बसलाच नसता. बायकोनं खुरपं घेतलं, मला हात लावू दिला नाही. निघालेलं कवच तिनं वाहत्या पाटात सोडलं. पाकळ्यांच्या खाचांत लाल उरलं, ते पाथरवटानं राहू दिलं. सोमवारी डफडं वाजवत दगडाची बैलबंडी गढीत नेली. पाथरवटानं लाकडी साच्यावर पडलेली बाजू रचली नि शेवटी हा दगड माथ्यावर ठेवला, तो जिथून काढला तिथंच चपखल बसला.

चुना पक्का झाल्यावर खालचा लाकडी साचा काढायचा होता. तेव्हा बांधणारानं कमानीखाली उभं राहायचं, अशी पाथरवटांची रीत. म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. "आज गिरानेवाला भी खड़ा रहेगा." मी उभा राहिलो. बायको शेजारी येऊन उभी राहिली. पाचरी ठोकून काढल्या, साचा सुटला. माझ्या डोक्यावर चिमूटभर चुना पडला, बस्स.

"टिकली रे, टिकली!" म्हातारी नाचलीच.

केंद्र उघडलं त्या दिवशी हैदराबादहून आलेल्या एका बाईंनी वर बोट दाखवून विचारलं, हा एकच दगड लाल कसा? सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. बायकोनं कोपर मारलं, "सांगा नं."

मी सुरुवातीपासून सांगितलं. पहारीपासून.