माळवदावरची वाट

परभणीच्या जुन्या वस्तीत एक काळ असा होता की बायका रस्त्यानं कमी आणि घरांच्या डोक्यावरून जास्त फिरायच्या. नव्या पोरांना हे सांगितलं तर गंमत वाटते. पण ज्यांनी माळवदं पाहिली आहेत त्यांना विचारा. सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं ते सपाट छप्पर. घराला घर चिकटलेलं, त्यामुळं एकदा वर चढलं की पाय जमिनीला न लावता बोळीच्या टोकापर्यंत जाता यायचं. विरजण न्यायचं, चाळणी मागायची, कुणाच्या सुनेला कितवा महिना ते विचारायचं, सगळा कारभार वरून. खाली बोळीत पुरुषांचं राज्य आणि वर बायकांचं. खरं सांगायचं तर वरचं राज्य जास्त नीट चालायचं.

कमलबाई या राज्यात आल्या त्या चुडाव्याहून, दिनकररावांची नवरी होऊन. माहेर मोकळ्या रानातलं, आणि इथली बोळ अशी की समोरून सायकल आली तरी भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. सासू कडक. घरात रडायची सोय नव्हती, म्हणून नवी नवरी लुगडी वाळत घालायच्या निमित्तानं माळवदावर गेली आणि तिथं तोंडाला पदर लावून बसली. स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली की हुंदका वाढायचा, कारण ती गाडी चुडाव्यावरून जायची. शेजारच्या माळवदावर तिच्याच वयाची एक सून ज्वारी निवडत बसली होती. ती उठली, मधला उंचवटा ओलांडून आली आणि आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा ठेच्यासकट हिच्या हातात ठेवून म्हणाली, "खा आदी. रडायलाबी ताकद लागती." ती चतुरा.

त्या दिवसापासून या दोघींचं जे जमलं ते जमलं. उन्हाळ्यात दोघींनी मिळून पापड लाटले, कुरडया घातल्या, आणि पावसाच्या आधी दोन्ही माळवदांवर नवी पांढरी माती पसरून चोपून काढली. कमलबाईंचं पहिलं मूल चार महिन्यांचं होऊन गेलं तेव्हा खाली बैठकीत सांत्वनाला माणसं मावत नव्हती. प्रत्येक जण काही ना काही शहाणपण सांगत होता. वर चतुराबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त हिचं डोकं मांडीवर घेऊन ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या. कमलबाई आजही म्हणतात की त्या दिवशी माळवद नसतं तर त्यांचं डोकं फिरलं असतं.

मग ते पन्हाळाचं भांडण झालं. माळवदावरचं पाणी बाहेर टाकायला लाकडी पन्हाळ असतं. दिनकररावांनी नवं बसवलं आणि एका पावसात त्याची धार पडली ती थेट चतुराबाईंच्या अंगणात. त्यांचे यजमान किशनराव कापडाचे व्यापारी. दुकानाचे गठ्ठे नेमके तिथंच ठेवलेले. बोळीत उभं राहून दोघांनी एकमेकांचे बाप, आजे आणि पणजे काढले. पन्हाळ दुसऱ्याच दिवशी वळवलं, पण बोलणं तुटलं ते तुटलंच. लग्नकार्य झालं, माणसं गेली, पण या घरचं त्या घरी पाऊल नाही. चांगली शहाणीसुरती माणसं, पण हट्ट असा की लेकराला लाज वाटावी.

बायकांनीही खाली हा नेम पाळला. बोळीत समोरासमोर आल्या की दोघी पदर पुढं ओढून नाकासमोर चालायच्या. दिनकरराव विद्यापीठात कामावर गेले आणि किशनराव दुकानात गेले की वरचं राज्य सुरू.

"तुझा नवरा लय बोलला गं, कमळे."

"तुझा काय कमी बोलला? माज्या आजेसासऱ्याला चोर म्हनला."

"मंग, नव्हता का?"

आणि दोघी हसत हसत कुरडया उलटायच्या. पुरुषांचं वैर असं बायकांच्या हसण्याखाली वर्षानुवर्षं वाळत पडलं होतं आणि त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

आता माळवदाचे दिवस गेले. पांढरी माती मिळत नाही, ती चोपणारे हात राहिले नाहीत, आणि प्रत्येक पावसात घरात पातेली मांडून बसायचं वय दिनकररावांचंही राहिलं नाही. पुण्याच्या भागवतनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, नवं घर बांधायचं मनावर घेतलं. काम दिलं घरातल्याच पोरीला. दिनकररावांची पुतणी अर्पिता आर्किटेक्ट झालेली. बोळीत तोवर नव्या घरांनी धिंगाणा घातलेला होता. कुणी तीन मजले चढवून शेजाऱ्याचं ऊन खाल्लं होतं, कुणी निळ्या काचा लावल्या होत्या, एकानं तर दर्शनी भिंतीला न्हाणीघराच्या फरशा चिकटवल्या होत्या. अर्पिताचं म्हणणं वेगळं होतं. घर नवं असावं, पण बोळीत परकं वाटू नये. खाली जुनाच काळा दगड, दाराला जुनीच चौकट, भिंतीत दिवळ्या, आणि उंची शेजाऱ्यांच्या माळवदापेक्षा फार तर कमरेइतकी जास्त.

पोरगी गुणाची. तिनं प्रत्येकाला विचारलं की तुम्हाला काय पाहिजे. दिनकरराव म्हणाले, "मला दुसरं कायबी नको. किसनच्या बाजूचा कठडा डोक्याइतका कर. तिकडचं कायबी दिसाया नको."

"काकू, तुम्हाला?"

कमलबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांची चोरी नवऱ्यासमोर उघडी करायची. त्या म्हणाल्या, "माजं काय. सैपाकघरात उजेड पडू दे." अर्पितानं स्वयंपाकघराला मोठी खिडकी दिली, आणि कमलबाईंनी आपली वाट स्वतःच्या जिभेनं बुजवली.

माळवद उतरलं, कॉलम उभे राहिले, स्लॅब पडला. दोघं नवरा-बायको तोवर भाड्याच्या खोल्यांत. कमलबाई रोज सकाळी विटांवर पाणी मारायला यायच्या. आता त्या बाजूचा कठडा चढू लागला होता. आधी घोट्याइतका, मग गुडघ्याइतका. त्यापलीकडं, जरा खाली, चतुराबाईंचं जुनं माळवद तसंच होतं. एका सकाळी चतुराबाई तिथं उभ्या होत्या. गुडघ्यांनी धरल्यापासून त्यांचं वर येणं कमी झालं होतं, तरी आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडं पाहिलं आणि विचारलं, "अजून किती व्हायचीय गं?"

"डोक्याइतकी."

"असू दे," चतुराबाई म्हणाल्या. "आपलंबी आता किती राहिलंय." आणि जिन्याला धरत धरत खाली उतरल्या.

त्या "असू दे"नं कमलबाईंच्या काळजाला घरं पाडली. चतुरा भांडली असती, रडली असती, तर चाललं असतं. नळी हातातून सुटली, पाणी स्लॅबभर पसरलं, आणि बाई तिथंच विटांच्या थरावर बसल्या. तासाभरानं गवंडी आले, अर्पिता आली, मागून दिनकरराव आले, तरी त्या हलल्या नाहीत.

"उठ की. काम थांबलंय," दिनकरराव म्हणाले.

"हितं भिंत न्हाई. हितं वाट पायजे."

"वाट? कुठं जायला?"

"चतुराकडं."

दिनकररावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कवापासून?"

"पन्हाळाच्या आदीपासून. मधी कवाच तुटलं न्हाई."

बिचारे दिनकरराव. रागावले असते तर सोपं होतं. ते सिमेंटच्या पोत्यावर टेकले आणि म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं मी एकटाच भांडायलो का?" गवंड्यानं तोंड फिरवून हसू दाबलं. अर्पितानं मात्र कागद काढून सरळ कामाचं सांगितलं. कठड्यात मोकळी जागा सोडता येईल, पण पलीकडं उतरायला पायरी लागेल, ती त्यांच्या माळवदावर येईल, आणि त्याला किशनरावांचा होकार हवा. दिनकरराव म्हणाले, मी काही त्याच्या दारात जायचा नाही. "मंग मी जाते," कमलबाई म्हणाल्या.

त्या जिना उतरल्या, बोळीत आल्या आणि शेजारच्या दारासमोर उभ्या राहिल्या. या घराचा झरोका त्यांना ठाऊक होता, चुलीचा धूर कुठून निघतो ते ठाऊक होतं, आत कुठली भांडी वाजली की काय शिजतंय तेही ठाऊक होतं. कडी कुठल्या बाजूला आहे ते मात्र शोधावं लागलं.

दार किशनरावांनी उघडलं. पांढऱ्या केसांचा, वाकलेला माणूस. इतक्या जवळून त्यांना पाहून किती वर्षं झाली होती. मग ते बाजूला झाले. "या, वहिनी. या की."

बैठकीत खुर्ची दिली. आत निरोप गेला. चतुराबाई डोक्यावर पदर घेऊन ट्रे घेऊन आल्या, कपबशीत चहा, सोबत बिस्किटं. "घ्या ना," त्या म्हणाल्या. "साखर कमी हाय का तुमाला?" कमलबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. एका ताटात जेवलेली, एकमेकींच्या उवा काढलेली ही बाई जावयाच्या मावशीला विचारावं तसं साखरेचं विचारत होती. कमलबाईंनी कसंबसं पायरीचं सांगितलं.

किशनराव ऐकून घेत राहिले. त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, मग जमिनीकडं. शेवटी म्हणाले, "पायरी कामून पायजे, वहिनी? झालं गेलं गंगेला मिळालं. दिनकरलाबी सांगा. आता दार उघडं हाय, दारानं या. मानानं या."

चांगलं बोलले. त्या माणसाला ते बोलायला किती जड गेलं असेल हे कमलबाईंना कळत होतं, आणि दुसरं कुणी असतं तर इथं डोळे पुसून उठलं असतं. पण त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"भाऊजी, तुमचे उपकार हायेत. पर दारानं आले की मी पाव्हणी हुते. पाव्हणी सांगून येती, चा पिती आन जाती. मला मान नको. मला हिच्याकडं रडक्या तोंडानं, पिठाच्या हातानं यायचंय."

मग चतुराबाईंच्या डोक्यावरचा पदर घसरला, तो त्यांनी सावरला नाही. नवऱ्याच्या होकाराची वाटही पाहिली नाही.

"त्या पोरीला सांग, पायरी बुटकी ठिव म्हनावं," त्या म्हणाल्या. "एक न्हाई, दोन ठिव म्हनावं. माजे गुडघे गेलेत, कमळे."