दारुमाचा दुसरा डोळा

निपाणीत आमची थोरली आक्का गौरीचे मुखवटे करते. रद्दी भिजवायची, कुटून लगदा करायचा, चिंचोक्याची खळ मिसळून साच्यावर थापायचा, वाळला की रंग. डोळे सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही एका बैठकीत. एक काढून उठायचं नाही. मग दारात जावई येवो नाहीतर लाइनमन.

अशा बाईला तिच्या लेकानं जपानहून काय पाठवावं? दारुमा! तिथलं जुनं खेळणं. लालभडक, गोल, आमच्यासारखंच लगद्याचं. बुडाशी वजन, त्यामुळं आडवं पाडलं की डुलत पुन्हा उभं. आणि डोळा मात्र एकच!

लेक फोनवर म्हणाला, "मनात मागणं धरून एक डोळा मी काढलाय. पुरं झालं की दुसरा तू काढ."

"मागणं कसलं रं?"

"सांगायचं नसतंय गं आई."

आक्कानं ओळखलं: पोरगं कायमचं घरी येणार. माडीवरच्या खोलीला रंग लागला. मी दारुमा हातात घेऊन म्हणालो, "हात न्हाईत, पाय न्हाईत, उलटून बोलणं न्हाय. आक्का, ह्यो जावई करायचा व्हता!"

"गप रं. अर्धवट सोडलंय त्येला," असं म्हणत तिनं त्याचं तोंड भिंतीकडं केलं.

दिवाळीला लेक आला. चहाच्या आधी आक्का कुंचला घेऊन बसली. "झालं न्हवं पुरं?"

"झालं की! परवाच कागद हातात आला. आता तिथं कायमचं राहायला मिळतंय."

आक्काचा कुंचला क्षणभर थांबला, मग टेकला. तिनं गौरीचा काढते तसा लांबट, काजळरेघेचा डोळा काढला. शेजारी लेकाचा, काळा ठिपक्यासारखा.

"झकास! आता ह्याला परत नेतो. मागणं पुरं झालं की तिथं देवळात जाळतात."

"जाळतात?"

"पद्धत हाय गं."

"मग हितं बंबात घाल की. माझ्यादेखत."

तो हसला. त्याच्याकडं बघून मीही हसलो.

निघायच्या दिवशी लेक दारुमा तसाच पिशवीत कोंबत होता. आक्कानं तो काढून घेतला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात सैल गुंडाळला आणि चटणीच्या डब्याशेजारी नीट ठेवला.

"वरनं काय ठेवू नगंस. जाळंस्तवर तरी डोळा पुसाय नगो."